आंब्याचा चीक आणि त्वचेचा दाह
आंबा, काजू आणि बिब्बा ही एकाच कुळातील झाडे असून, बिब्बा उतल्यावर त्वचा का पोळते, याचे उत्तर या कुळाच्या चिकात आहे. देठ तुटताच चिळकांडी मारणाऱ्या आंब्याच्या चिकात आणि सालीत रिसॉर्सिनॉल गटातील तेलकट द्रव्ये असतात. ती त्वचेत मुरून तेथील प्रथिनांना चिकटतात आणि प्रतिकारयंत्रणा त्या जोडीला परकी समजून तिच्यावर तुटून पडते. हा विलंबित संपर्कदाह, म्हणजे स्पर्शानंतर उशिरा उद्भवणारा त्वचेचा दाह, असल्याने पुरळ बहुधा एक-दोन दिवसांनी उठते, आणि म्हणूनच दोष आंब्याचा आहे हे अनेकांच्या लक्षातच येत नाही. साल दातांनी सोलणाऱ्यांच्या ओठांभोवती लाली, खाज व बारीक फोड दिसतात. दुसऱ्याने सोलून दिलेला गर मात्र यांपैकी बहुतेकांना बाधत नाही. काजूच्या टरफलातील तेल याहून कितीतरी दाहक असून बिया फोडणाऱ्या स्त्रियांच्या बोटांची कातडी त्याने सोलवटते. त्यांना हातमोजे पुरवणे ही कारखानदारांची जबाबदारीच मानली पाहिजे. फळ खाताच चेहरा सुजला वा श्वास अडला, तर तो निराळा, जिवावर बेतणारा प्रकार असू शकतो. अशा वेळी घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.