आधी तेल पाहा

मे महिन्याचे दिवस होते. नागपुरात ऊन नुसते भाजत होते. जरीपटक्यातील एका गॅरेजात भाड्याच्या मोटारीचा चालक आला. त्याचे तोंड उतरले होते.

तो म्हणाला, "मिस्त्री, गाडी ऑटोमॅटिक आहे. इंजिन ओरडतं, पण गाडी ओढत नाही. एक जण म्हणतो, गिअरबॉक्सच बदला. आता शेत गहाण टाकायची पाळी आली!"

मिस्त्री म्हणाले, "थांबा भाऊ. आधी तेल पाहू."

तेलच का? साध्या मोटारीत चालक पायाने क्लच दाबतो आणि हाताने गिअर बदलतो. या मोटारीत गिअर आपोआप बदलतात. ते कसे? दोन पंखे समोरासमोर ठेवा. एक सुरू करा. त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. या गाडीतही असेच दोन पंखे असतात. त्यांच्यामध्ये वाऱ्याऐवजी तेल असते. इंजिन एक पंखा फिरवते. तेल दुसऱ्याला फिरवते. गिअरही तेलाच्याच दाबाने बदलतात. तेल कमी झाले, की जोर चाकापर्यंत पोचत नाही.

मिस्त्रींनी गाडी सपाट जागेवर घेतली. हँडब्रेक ओढला. गाडीच्या पुस्तकात सांगितल्याप्रमाणे इंजिन चालू ठेवून तेल मोजायची पट्टी काढली. पुसून पुन्हा बुडवली. तेल खुणेच्या खाली होते. पण रंग लाल होता, जळका वास नव्हता.

"तेल चांगलं आहे, पण कमी आहे. हे तेल जळून संपत नाही. म्हणजे कुठंतरी गळतंय."

गाडीखाली पाहिले. तेल थंड करणाऱ्या जाळीकडे जाणारी रबरी नळी चिरली होती. नळी बदलली. कंपनीने सांगितलेलेच तेल खुणेपर्यंत भरले. गाडी चालू लागली. शेत वाचले!

तेल काळे असते आणि जळका वास येतो, तेव्हा मात्र आतल्या चकत्या झिजलेल्या असू शकतात. मग गिअरबॉक्स उघडून पाहावाच लागतो.

काही गाड्यांत ही पट्टी नसते. तेथे जाणत्या मिस्त्रीकडूनच तेल तपासून घ्यावे. २०१४ साली आलेल्या मारुती सेलेरिओसारख्या गाड्यांत गिअरबॉक्स साधाच असतो. क्लच दाबणे आणि गिअर बदलणे ही कामे यंत्र करते. त्यांचा रोग वेगळा, तपासही वेगळा. म्हणून आपली गाडी कोणत्या जातीची, हे आधी विचारावे.

बंद पडलेली ऑटोमॅटिक गाडी टोचन करून ओढत नेऊ नये. आत तेल फिरत नाही आणि भाग घासतात. ती दुसऱ्या गाडीवर चढवून न्यावी.

आधी रोग ओळखा, मग खर्च करा.