आधी चौकट, मग चाक



बैलगाडीचा आस साटीखाली जरा तिरका बसला की काय होते, हे तुम्हाला सांगायला नको. बैल सरळ चालतात, पण गाडी मागून खेकड्यासारखी तिरकी येते. एका चाकाची धाव लवकर झिजते, एका बैलाच्या मानेवर ओढ जास्त येते. अशा वेळी जाणता सुतार आधी चाकाला हात लावत नाही. जू बांधण्याच्या जागेपासून आसाच्या दोन्ही टोकांपर्यंत तो दोरी धरतो. दोन्ही बाजूंना दोरी सारखी भरली तर आस ठीक बसला आहे. कमीजास्त भरली तर आस सारखा केल्याशिवाय चाकाकडे बघण्यात अर्थ नाही.

आज मी ज्या गाडीविषयी बोलणार आहे तिला बैल नाहीत, पण दोष अगदी हाच होतो. जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्ग येथील फोक्सवॅगन कंपनीने १९७५ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात गोल्फ जीटीआय नावाची मोटार मांडली. रोजच्या वापराची लहान गाडी, पण इंजिन ११० अश्वशक्तीचे. पाच हजार गाड्या खपल्या तरी पुरे, असा कंपनीचा अंदाज होता. पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांहून अधिक खपल्या. २००४ साली आलेल्या पाचव्या पिढीच्या जीटीआयचे इंजिन २०० अश्वशक्तीचे झाले. जर्मनीतल्या हमरस्त्यांवर, ज्यांना तिकडे आउटोबान म्हणतात, बऱ्याच ठिकाणी वेगाला सक्तीची मर्यादा नाही. ताशी १३० किलोमीटरची फक्त शिफारस आहे. या वेगाने गाडी एका सेकंदात ३६ मीटर जाते. आता शिक्षकमंडळींनी हिशेब करून बघावा. दिशा एका अंशाने जरी चुकली, तरी त्या एका सेकंदात गाडी सुमारे ६३ सेंटिमीटर, म्हणजे दोन फूट बाजूला सरकते. वेगवान गाडीत एक अंश ही थोडी गोष्ट नव्हे.

चाकांच्या बाबतीत मुख्य कोन दोन. पहिल्याला टो म्हणतात. काही माणसे चवडे आत वळवून चालतात, काही फेंगडी चालतात. चाकांचेही तसेच. दोन्ही चाकांची पुढची तोंडे किंचित आत वळलेली असतील तर टो आत, बाहेर वळलेली असतील तर टो बाहेर. दुसरा कोन कॅम्बर. चाक समोरून बघितले तर त्याचे वरचे टोक आत झुकले आहे की बाहेर, हे त्यावरून कळते. आत झुकले तर तो कोन उणे धरतात, बाहेर झुकले तर अधिक.

टो चुकला की टायर घासला जातो. चाक एका अंशाने वाकडे असेल तर एक किलोमीटर जाताना ते सुमारे साडेसतरा मीटर आडवे फरफटते. हा दोष हाताला कळतो. गव्हाच्या ओंबीवरून एका दिशेने हात फिरवला तर मऊ लागते आणि उलट फिरवला की कुसळे टोचतात. टो चुकलेल्या टायरवर आडवा हात फिरवून बघा, तसेच लागेल. कॅम्बर चुकला तर मात्र टायरची एकच कड झिजते आणि दुसरी नव्यासारखी राहते.

आता या चाकांना धरून कोण ठेवते? गोल्फच्या पुढच्या चाकाला वरून स्ट्रटचा आधार असतो, ज्याला आपले मिस्त्री शॉकअप म्हणतात. त्याचे वरचे टोक गाडीच्या सांगाड्याला पक्के बसलेले असते. खालून चाकाला लोअर आर्म धरून ठेवतो. हा आर्म मात्र सांगाड्याला जोडलेला नसतो. तो एका वेगळ्या लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या चौकटीला जोडतात, आणि ती चौकट खालून बोल्टांनी सांगाड्याला आवळतात. हीच सबफ्रेम. स्टिअरिंगची रॅकही हिच्यावरच बसते. म्हणजे बैलगाडीत जे काम आसाचे, ते इथे या चौकटीचे.

तुम्ही म्हणाल, बोल्टांनी आवळलेली चौकट सरकेल कशी? खड्ड्यात किंवा दगडावर जोराचा आघात झाला तर सरकते. पण पुष्कळदा ती दुरुस्तीतच सरकते. क्लच किंवा गिअरपेटीच्या कामासाठी चौकट खाली घ्यावी लागते. बोल्टांची भोके बोल्टांपेक्षा थोडी मोठी असतात. खूण न करता चौकट उतरवली आणि परत चढवताना ती तीन-चार मिलिमीटर बाजूला बसली, तर डोळ्यांना काहीच दिसत नाही.

चाकांना मात्र लगेच कळते. स्ट्रटच्या वरच्या टोकापासून खालच्या जोडापर्यंत साधारण ६० सेंटिमीटर अंतर धरा. चौकट डावीकडे ५ मिलिमीटर सरकली तर डाव्या चाकाचा पाय बाहेर ढकलला जातो आणि त्याचा कॅम्बर जवळजवळ अर्ध्या अंशाने उणेकडे जातो. उजव्या चाकाचा पाय तेवढाच आत ओढला जातो आणि त्याचा कॅम्बर अर्ध्या अंशाने अधिककडे येतो. पूर्वी दोन्ही चाके उणे अर्धा अंश होती असे समजा. आता डावे उणे एक आणि उजवे शून्य झाले. बेरीज पूर्वीही उणे एक होती, आताही उणे एकच आहे.

ही बेरीज ध्यानात ठेवा. चौकट सरकवून भावाभावांतली वाटणी बदलते, एकूण जमीन बदलत नाही. म्हणूनच कॅम्बर दोन बाजूंना वेगळा, पण बेरीज बरोबर, असे दिसले की संशय चौकटीवर घ्यावा. बेरीजच चुकली असेल तर बहुधा काहीतरी वाकले आहे किंवा झिजले आहे. याची आणखी एक खूण आहे. चाक वळताना ज्या आसाभोवती फिरते तोही आत कललेला असतो. त्या आसाचा कल आणि चाकाचा कल मिळून होणारा कोन दोन्ही बाजूंना मोजावा. तो सारखा असेल तर चौकटच सरकली आहे. वेगळा असेल तर एका बाजूचा स्ट्रट किंवा चाक धरणारी नकल वाकली आहे. वाकलेला भाग तापवून, ठोकून सरळ करू नये, बदलावा.

इथेच फसगत होते. गाडी एका बाजूला ओढते अशी तक्रार घेऊन मालक येतो. कारागीर टाय रॉड फिरवून टो ठीक करतो आणि स्टिअरिंग सरळ करून देतो. कागदावर टो बरोबर दिसतो. पण टाय रॉडने कॅम्बरची वाटणी सुधारत नाही. चौकट जिथल्या तिथे राहते. अशी गाडी डावीकडच्या वळणाला एक वागते आणि उजवीकडच्या वळणाला दुसरे. कोरड्या सरळ रस्त्यावर चालकाच्या ध्यानात काही येत नाही. पावसात, वळणावर, एकदम ब्रेक दाबायची वेळ आली म्हणजे ध्यानात येते, आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो.

मग योग्य क्रम कोणता? प्रथम चारही टायरांतली हवा आणि झीज बघावी. बॉल जॉइंट व रबरी बुश ढिले नाहीत ना, गाडीची उंची दोन्हीकडे सारखी आहे ना, हे तपासावे. मग कोणत्याही बोल्टाला पाना लावण्याआधी चारही चाकांचे सर्व कोन मोजून लिहून घ्यावेत. दुरुस्तीची सुरुवात मागून करावी. जीटीआयच्या मागच्या चाकांचे कोनही बदलता येतात. मागची चाके जिकडे तोंड करतील तिकडे गाडी जाते, म्हणून आधी त्यांचे तोंड गाडीच्या मध्यरेषेशी जुळवायचे. त्यानंतर पुढची चौकट ढिली करून सरकवायची आणि दोन्ही कॅम्बर सारखे झाले की आवळायची. या चौकटीचे बोल्ट ताणून आवळण्याचे असतात. ते एकदाच वापरायचे, दर वेळी नवे घालायचे. पुढचा टो अगदी शेवटी, स्टिअरिंग मध्यावर धरून जुळवायचा. हा क्रम उलटा केला तर टोचे काम पुन्हा करावे लागते, कारण चौकटीबरोबर रॅकही हलते.

अलीकडच्या गाड्यांत आणखी एक काम वाढले आहे. गाडी घसरू लागली की तिला आपोआप सावरणारी यंत्रणा स्टिअरिंग किती वळले आहे हे मोजत असते. काचेमागे कॅमेरा असेल तर तो रस्त्याच्या रेघा बघतो. चाकांची दिशा बदलल्यावर या दोहोंना नवे शून्य शिकवावे लागते. नाहीतर चाके सरळ आणि यंत्राची समजूत वाकडी, असे होऊन बसते.

तुमच्याकडे जीटीआय नसेल. पण जीप असेल, टेम्पो असेल, शाळेत मुलांना आणणारी गाडी असेल. पुष्कळ गाड्यांत चाके अशाच चौकटीवर किंवा आसावर असतात. म्हणून दोन गोष्टी करा. खालची चौकट कधी उतरवावी लागली तर उतरवण्यापूर्वी तिच्या जागेची खूण करायला सांगा. आणि चाकांचे काम झाल्यावर "झाले साहेब, एकदम सरळ" एवढ्या शब्दावर पैसे देऊ नका. कामाआधीचे आकडे आणि कामानंतरचे आकडे, दोन्ही मागून घ्या. पुढच्या दोन चाकांचे कॅम्बर वेगळे दिसले तर त्यांची बेरीज करून बघा, आणि मिस्त्रीला विचारा, "चौकट बघितलीत का?"