चौघींची लंकावारी

परदेशातून कोणी परत आले की आपल्याकडे "काय काय पाहिलंत?" याच्या आधी "माणशी किती लागले हो?" हा प्रश्न येतो. त्यात काही वावगे आहे असे मला वाटत नाही. पेन्शनीवर चालणाऱ्या घरात तो आधीच यायला हवा. म्हणून मीही आकड्यापासूनच सुरुवात करते. माणशी चाळीस हजार रुपये. मुंबईच्या फलाटावरून निघून मुंबईच्या फलाटावर परत येईपर्यंत, त्यावर एक पैसाही नाही.

हा आकडा कोणा प्रवासी कंपनीने काढलेला नव्हता. आम्ही चौघी एका शाळेतल्या, एका बाकावरच्या म्हटले तरी चालेल. आता चौघीही साठी ओलांडलेल्या. एक वकील, एक बँकेतून निवृत्त झालेली, मी सरकारी कचेरीतून सुटलेली, आणि चौथी आमची मास्तरीणबाई. हिने जन्मभर खाजगी बालवाडीत मुलांना अ-आ-ई शिकवले, पण पेन्शन म्हणून हाती काही आले नाही. तिघींना युरोप परवडला असता. चौथीला परवडत नव्हता, आणि "तुझे आम्ही भरतो" हे वाक्य तिच्यासमोर उच्चारण्याची छाती आमच्यापैकी एकीचीही नव्हती! दोन वर्षे शिकवण्या करून तिने चाळीस हजार बाजूला टाकले होते. तेव्हा आकडा तिचा आणि त्यात बसणारा देश शोधायचा आम्ही, असा करार झाला. हिशेबाची वहीही तिच्याच हाती दिली.

लंकेत सोन्याच्या विटा, पण आपल्याला त्यांचा काय उपयोग, असे आपण म्हणत आलो. उपयोग असा, की मे महिन्यात त्या विटा स्वस्त होतात. श्रीलंकेला पाऊस दोनदा येतो. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा वारा कोलंबो-गॉलच्या किनाऱ्याला झोडपतो. डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येचा वारा त्रिंकोमालीकडे वळतो. मधल्या डोंगररांगा या दोघांना एकमेकांकडे फारसे जाऊ देत नाहीत. सारे बेट आपल्या महाराष्ट्राच्या जेमतेम पाचव्या हिश्शाएवढे, पण पश्चिमेला छत्री मोडत असते तेव्हा पूर्वेला लोक वाळूत पाय पसरून बसलेले असतात. गोरे प्रवासी थंडीत येतात. त्यांची पाठ वळली की पश्चिम किनाऱ्यावरच्या खोल्यांचे दर निम्म्यावर येतात. मुंबईच्या पावसात चाळीस वर्षे लोकलने नोकरी केलेल्या बायकांना पावसाची भीती कोण घालणार?

2024 च्या मे महिन्यात आम्ही निघालो. मुंबईहून थेट विमान महाग, म्हणून चेन्नईपर्यंत आगगाडी आणि तिथून विमान. सव्वा तासात कोलंबो! (एकेकाळी हे विमानही लागत नसे. मद्रासहून बोटमेलने धनुष्कोडी, तिथून आगबोटीने तलैमन्नार आणि पुन्हा आगगाडीने कोलंबो, असे जाता येई. 1964 च्या डिसेंबरातल्या वादळाने धनुष्कोडीच वाहून नेली.) व्हिसाचे शुल्क त्या वेळी भारतीयांकडून घेत नव्हते, आणि आपल्या एका रुपयाला तिथले साडेतीन मिळत. आमच्या पिढीला कोलंबो ठाऊक ते रेडिओ सिलोनमुळे. बुधवारी रात्री आठ वाजता बिनाका गीतमाला लागली की आमच्या चाळीत जेवणाची ताटे थांबत. टॅक्सीवाल्याने "कुठे?" विचारताच बँकवाली म्हणाली, "जिथून अमीन सायानी बोलायचे तिथे!" पण गीतमालेचे बरेचसे ध्वनिमुद्रण मुंबईतच होई, आणि टॅक्सीवाला पंचविशीचा. त्याने शांतपणे आम्हांला स्टेशनवर सोडले.

कोलंबो ते गॉल ही आगगाडी समुद्राच्या इतकी जवळून जाते, की लाटेचे तुषार खिडकीत येतील असे वाटते. दुसऱ्या वर्गाचे भाडे आपल्या दोनशे रुपयांच्या आत. पण या वाटेवर पेरालिय नावाचे गाव लागते. 26 डिसेंबर 2004 ला त्सुनामीच्या लाटांनी इथे प्रवाशांनी भरलेली गाडी उलथवली आणि हजारांवर माणसे गेली. आता तिथे बुद्धाची उंच मूर्ती उभी आहे. ती दिसली तेव्हा डब्यातल्या एका बाईने नुसते हात जोडले. आम्हीही जोडले.

गॉलचा किल्ला पोर्तुगीजांनी सुरू केला आणि 1640 मध्ये तो डचांच्या हाती गेला. या किल्ल्यात आजही माणसे राहतात, पोरे शाळेत जातात, तटावर संध्याकाळी शिळोप्याच्या गप्पा रंगतात. आमची घरमालकीण सत्तरीची. सिंहलीत थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात, म्हणून पहिल्या दिवसापासून ती आमची अक्का. सकाळी तिने पानात वाढले ते पाहून मी थक्क झाले. अहो, आमच्या मालवणातले शिरवाळे! तिथे त्यांना इंदिआप्प म्हणतात आणि नारळाच्या तिखट चटणीबरोबर खातात. दुधात शिजवलेला भात तो किरिबत. किरी म्हणजे क्षीर आणि बत म्हणजे भात. माशाच्या कालवणात कोकमाचे सख्खे भावंड शोभेल असे गोरका, आणि मिठाईच्या दुकानात चक्क दोदोल. सात म्हणजे हत, आठ म्हणजे अट. हात तो अत आणि दात तो दत. दोन दिवसांत मास्तरीणबाई बाजारात सिंहलीत घासाघीस करू लागली.

अक्काच्या तोंडून 2022 सालची हकीकत ऐकली. देशाजवळ परकीय चलन उरले नाही, कर्जाची परतफेड थांबली, पेट्रोलसाठी माणसे दिवसदिवस रांगेत. जुलैत राष्ट्राध्यक्ष देश सोडून गेले. "दूध पावडर मिळेना तेव्हा पाहुण्यांना चहा विचारायची लाज वाटे," ती म्हणाली. त्या वर्षी तिच्या घरात महिनोन्‌महिने पाहुणा आला नाही. आमची स्वस्ताई कुठून आली, हे त्या चहाबरोबर समजले.

गॉललाच आमच्यात ठिणगी पडली. मागच्या खोल्या सहा हजारांच्या (तिथल्या रुपयांत), समुद्राकडच्या नऊ हजारांच्या. वकीलबाईने समुद्राकडच्या दोन्ही घेतल्या आणि अक्काला गुपचूप सांगितले, की पावतीवर सहाच लिहा, वरचे मी देते. दुसऱ्या सकाळी मास्तरीणबाईने अक्काची उघडी वही पाहिली. जन्मभर हजेरीपट तपासलेली बाई ती! काही बोलली नाही. आपली पिशवी उचलली आणि मागच्या खोलीत जाऊन बसली. मग आम्हांलाही जावे लागले. वहीत चार रकान्यांत लिहिले: "गॉल, एक रात्र समुद्र पाहिल्याबद्दल, प्रत्येकी सव्वाचारशे." आणि तिचा हिस्सा तिने वकीलबाईच्या उशाशी मोजून ठेवला.

बाहेर पाऊस, आत अबोला. वकीलबाईला लागले होते. प्रेमाने केले ते चोरी ठरले म्हणून. मला दोघींचेही पटत होते, आणि अशा वेळी तिसरीने बोलू नये हे मी संसारात शिकले आहे.

23 मे ला वेसाक. बुद्धपौर्णिमा तिथली दिवाळीच म्हणा. त्या संध्याकाळी आम्ही कोलंबोत होतो. बांबूच्या काड्या आणि पातळ कागद यांचे कंदील घरोघरी. आपल्या आकाशकंदिलासारखे, काही तर हुबेहूब. चौकाचौकात जातककथांची चित्रे असलेल्या रोषणाईच्या उंच कमानी. आणि रस्त्यारस्त्यावर दन्सल, म्हणजे येईल त्याला फुकट जेवण. कुठे भात-कालवण, कुठे उकडलेला साबुकंद, कुठे आइस्क्रीम. मोटारवाले, रिक्षावाले, शाळकरी पोरे, सगळे एका रांगेत.

वकीलबाई रांगेबाहेर उभी. "फुकट कसं खायचं? हे भुकेल्यांसाठी असेल."

"मग तुला भूक नाही?" मास्तरीणबाईने दोन दिवसांत तिच्याशी बोललेले हे पहिले वाक्य. मनगट धरून तिला रांगेत ओढली.

"आणि हे फुकटचं तुला चालतं वाटतं?" वकीलबाई फणकारली.

"हे सगळ्यांना देतात गं. तू फक्त मला देत होतीस."

वकीलबाई गप्प झाली. मग भाताची पुडी हातात आल्यावर तिने तिखट सांबोल मास्तरीणबाईच्या पुडीत सारले, कारण शाळेपासून तिला तिखट सोसत नाही. वहीत त्या रात्रीची नोंद: "जेवण: 0."

पुढचा प्रवास थोडक्यात सांगते. सिगिरियाचा खडक चढलो. बाराशेच्या आसपास पायऱ्या, वर पाचव्या शतकातल्या कश्यप राजाच्या महालाचे चौथरे. सार्क देशांचे म्हणून पासपोर्ट दाखवून निम्म्या दराने आत गेलो, तरी सगळ्या सहलीतले महाग तिकीट तेच. गुडघे आणि पाकीट दोन्ही जपायचे असेल तर... पण नाही, शेजारच्या पिदुरंगलाला पाकीट वाचते, गुडघे नाही! चहामळ्यांची रेल्वे मात्र आम्ही सोडली. 2025 च्या नोव्हेंबरातल्या दित्वा चक्रीवादळाने त्या मार्गाचे फार नुकसान केले. कोणी जाणार असेल तर आधी चौकशी करावी.

मग त्रिंकोमाली. तिथे ऊन, आणि निलावेलीचा समुद्र तळ्यासारखा निवांत. कड्यावरच्या कोनेश्वराचे जुने देऊळ सतराव्या शतकात पोर्तुगीजांनी पाडले, आताचे नंतरचे. किल्ल्यातून वर जाताना हरणे आडवी येतात. समुद्राकडची खोली इथे सहाच हजारांत मिळाली. मास्तरीणबाईने स्वतः घासाघीस करून मिळवली, आणि चावी वकीलबाईच्या हाती दिली.

परतताना चेन्नईच्या फलाटावर वही बंद झाली. माणशी 38,650. उरलेले 1,350 तिने प्रत्येकीच्या हाती मोजून ठेवले. बँकवाली म्हणाली, "राहू दे, पुढच्या सहलीला होतील."

"तुमचं तुम्ही बघा. मला पावसाआधी कौलं शाकारायची आहेत," मास्तरीणबाई म्हणाली, आणि आपले पैसे कनवटीला लावून विचारात पडली. "पुढच्या वेळी पंचेचाळीस. दोन वर्षं लागतील मला."

वकीलबाईने डायरी काढली आणि लिहून घेतले.