सायलेन्सरची शेवटची वीत

'टिप' म्हटलं की आपल्यापैकी निम्म्यांना ओरलच्या आदल्या रात्री सिनियरकडून मिळणारी टिप आठवते आणि उरलेल्यांना हॉटेलात बडीशेपेच्या बशीत ठेवायची. मी लिहितोय ती तिसरीच. गाडीचा सायलेन्सर मागच्या बंपरमधून जिथे बाहेर डोकावतो, तिथे पाइपाच्या तोंडावर एक चकचकीत तुकडा बसवलेला असतो. त्याला एक्झॉस्ट टिप म्हणतात. लांबी साधारण एक वीत. या एका वितीवर लोक किती पैसे उधळतात आणि तिच्याकडून काय काय अपेक्षा ठेवतात, हे मला गेल्या उन्हाळ्यात कळलं. मी पुण्यातल्या एका गॅरेजमध्ये ट्रेनिंग करत होतो आणि तिथे एका पॉर्श बॉक्स्टरची टिप बदलायचं काम आलं.

बॉक्स्टर ही दोन माणसांची, उघड्या छपराची गाडी. इंजिन सीटच्या मागे, मागच्या चाकांच्या पुढे. सहा सिलिंडर आडवे झोपलेले, तीन डावीकडे आणि तीन उजवीकडे. दोन्ही बाजूंचा धूर आपापल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधून मागच्या सायलेन्सरमध्ये येतो आणि बंपरच्या बरोबर मध्यातून बाहेर पडतो. आमच्याकडे आलेली गाडी २००५ सालानंतरच्या पिढीतली, २.७ लिटरची साधी बॉक्स्टर होती. तिला एकच लंबगोल टिप असते. तिची थोरली बहीण बॉक्स्टर एस. तिला दोन गोल टिपा जोडीने असतात. आता उरलेली गोष्ट तुम्हीच ओळखली असेल. मालकांना मागून येणाऱ्या माणसाला आपली गाडी 'एस' वाटायला हवी होती. यात मला तरी काही वावगं वाटत नाही. आपण नाही का स्प्लेंडरला स्टिकर लावत?

काम म्हणाल तर अगदी सोपं. टिप सायलेन्सरच्या तोंडावर सरकवून क्लॅम्पने आवळलेली असते. गाडी पूर्ण थंड होऊ द्यायची, क्लॅम्पच्या नटावर गंज सोडवणारं तेल मारायचं, घाई न करता पाना लावायचा. इथे जोर दाखवणाऱ्याचा बोल्ट हमखास तुटतो, कारण तापून-निवून आटे एकमेकांना धरून बसलेले असतात. नट सुटला की टिप पिळत पिळत बाहेर ओढायची, आतलं तोंड पॉलिश पेपरने घासायचं आणि नवीन टिप चढवायची.

खरा वेळ जातो तो यानंतर. आमच्या मिस्त्रींनी टिप चढवायला पाच मिनिटं घेतली आणि सरळ करायला पाऊण तास. कधी मागे दहा पावलं जाऊन एक डोळा मिटून बघ, कधी उकिडवं बसून बघ. बंपरच्या कापापासून सगळीकडे सारखं अंतर सुटलं पाहिजे, हा त्यांचा हट्ट. मला वाटलं नुसती दिसण्याची बाब आहे. पण हिशोब करून बघा. स्टेनलेस स्टीलचा एक मीटर पाइप ३०० अंशांनी तापला तर साधारण पाच मिलिमीटर लांब होतो. (थर्मल एक्स्पान्शनचा हा गुणांक आपण सेकंड इयरला पाठ केला आणि पेपर झाल्या दिवशी विसरलो.) त्यात सगळा सायलेन्सर रबराच्या लोंबत्या गाठींवर टांगलेला, म्हणजे इंजिनाच्या धक्क्याबरोबर तो हलणार. गार असताना टिप बंपरला चिकटून सुंदर दिसली, तरी गरम झाल्यावर ती प्लॅस्टिकला टेकते आणि बंपर वितळतो. म्हणून गाडी एकदा चालवून, पुन्हा निववून, क्लॅम्प दुसऱ्यांदा आवळायचा.

गाडी सुरू केली. मालक कान देऊन ऐकत होते. "आवाज जरा भारदस्त झाला ना?" मिस्त्री म्हणाले, "झाला की साहेब." मी गप्प. मला तसूभर फरक ऐकू आला नव्हता.

आवाज खरंच बदलतो का, हे मी रूमवर येऊन कागदावर मांडलं. फोर स्ट्रोक सहा सिलिंडर म्हणजे इंजिनाच्या एका फेऱ्यात तीन स्फोट. ३००० आरपीएमला सेकंदाला ५० फेरे, म्हणजे १५० स्फोट. आवाजाची मुख्य पट्टी झाली १५० हर्ट्झ. धूर समजा ३०० अंश सेल्सिअस गरम आहे. तेवढ्या गरम वायूत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ४८० मीटर येतो. ४८० ला १५० ने भागा. लहरीची लांबी ३.२ मीटर! आणि टिप किती? १५ सेंटिमीटर. लहरीच्या विसाव्या हिश्शापेक्षाही लहान. हत्तीच्या शेपटीला गोंडा बांधला म्हणून हत्तीची चाल बदलत नाही, तसलाच प्रकार.

मात्र अगदीच शून्य फरक म्हणणंही चूक. ३००० हर्ट्झच्या आसपासची लहर असते १६ सेंटिमीटरची, म्हणजे टिपेएवढीच. त्यामुळे त्या वरच्या पट्टीतली फुसफुस, तो पत्र्यासारखा कर्कशपणा, टिपेच्या आकाराने थोडा कमी-जास्त होऊ शकतो. पण घुमणारा, छातीत जाणवणारा आवाज येतो तो मागच्या सायलेन्सरच्या पोटातून, त्यातल्या कप्प्यांतून आणि भोकांच्या नळ्यांतून. तो बदलायचा तर डबाच बदलावा लागतो, नुसती टिप नाही.

आता पॉवर. 'मोठी टिप लावली की इंजिन मोकळं होतं' हे वाक्य मी गॅरेजमध्ये आणि आपल्या पार्किंगमध्ये सारख्याच आत्मविश्वासाने ऐकलंय. टिपेचा आतला व्यास पाइपापेक्षा कमी नसेल तर तिथे अडवणूक नव्हतीच. जी नव्हती ती दूर काय करणार? एक्झॉस्टमधून पॉवर मिळते ती इंजिनाजवळच्या पाइपात. व्हॉल्व्ह उघडला की दाबाची लहर पाइपातून निघते, जिथे पाइप एकदम मोकळा किंवा मोठा होतो तिथून ती उलटी होऊन, दाबाऐवजी ओढ घेऊन, परत येते. ती परत यायची वेळ बरोबर जुळली तर उरलासुरला जळका वायू सिलिंडरमधून खेचून काढते. म्हणून त्या पाइपांची लांबी मोजून ठरवलेली असते. टिपेपर्यंत पोचेस्तोवर कन्व्हर्टर आणि सायलेन्सरने या लहरीचा जीव काढून घेतलेला असतो.

टू स्ट्रोकमध्ये तर याच लहरीवर जागतिक राजकारण झालंय. पूर्व जर्मनीच्या एमझेड कंपनीचे इंजिनिअर वॉल्टर काडेन यांनी १९५० च्या दशकात पोटफुगा एक्झॉस्ट पाइप असा बसवला, की बाहेर निसटू पाहणारा ताजा चार्ज परतीच्या लहरीने पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलला जाई. त्यांचा रायडर अर्न्स्ट डेग्नर १९६१ च्या स्वीडिश ग्रां प्रीच्या वेळी पळून पश्चिमेकडे गेला आणि ती विद्या सुझुकीकडे घेऊन गेला. १९६२ साली सुझुकीवर तो ५० सीसीचा जगज्जेता झाला. भारतात १९९६ पर्यंत बनलेल्या आरएक्स १०० चा सायलेन्सर बदलून पिकअप घालवून बसलेले वीर आपल्या ब्लॉकमध्ये आहेत, त्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

मग टिप असतेच कशाला, फक्त नटण्यासाठी? नाही, तिला एक साधं आणि महत्त्वाचं काम आहे. गरम, विषारी धूर गाडीच्या अंगापासून लांब नेऊन सोडायचा. धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि तिथली हवा भोवऱ्यासारखी परत गाडीकडे वळते. टिप आखूड असली, किंवा जोडाशी गळत असली, तर धूर बंपरच्या आतच रेंगाळतो. आधी बंपरवर काजळी दिसते. मग डिकीच्या घासलेल्या रबरातून तो आत शिरायला वाव मिळतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. इंजिन थंड असताना कन्व्हर्टरही काम करत नसतो. म्हणून टिप बसवल्यावर जोड गळतोय का हे तपासताना आमचे मिस्त्री गाडी ढकलत शटरच्या बाहेर आणायला लावायचे, पाऊस असला तरी. मला आधी तो हमालीचा प्रकार वाटायचा. त्यांनी एकदाच सांगितलं, "बंद शटरमध्ये गाडी चालू ठेवून झोपलेला माणूस उठवायला गेलोय मी. उठला नाही." त्यानंतर मी न सांगता ढकलू लागलो.

धातूबद्दल थोडं. बाजारातली स्वस्त टिप बहुधा साध्या पत्र्यावर क्रोम चढवलेली असते आणि दोन पावसाळ्यांत पापुद्रे सोडते. ३०४ ग्रेडचं स्टेनलेस टिकतं. चुंबक घेऊन जा. ३०४ ला तो जवळजवळ चिकटत नाही. पण नुसत्या चुंबकावर विसंबू नका, कारण सायलेन्सरसाठी वापरतात ते ४०९ हेही स्टेनलेसच आहे आणि त्याला चुंबक छान चिकटतो. निळ्या-जांभळ्या झाकेची 'जळकी' टिप रेसिंगची म्हणून खपवतात. तो रंग धातूवरच्या ऑक्साइडच्या पातळ थराचा असतो आणि त्यासाठी लागणाऱ्या तापमानाला रस्त्यावरच्या गाडीची टिप सहसा पोचत नाही. रंग दुकानातच आणलेला असतो.

आणि सकाळी टिपेतून पाणी ठिबकलं तर घाबरू नका. पेट्रोल जळून पाणीच तयार होतं, एक लिटर पेट्रोलमागे जवळपास एक लिटर. गरम असताना ते वाफ होऊन जातं. गाडी रोज दोनच किलोमीटर चालली तर ते सायलेन्सरच्या पोटात साठून आतून गंज धरतो. म्हणून पुष्कळ सायलेन्सरांना खाली एक बारीक भोक ठेवलेलं असतं. ते 'लीकेज' समजून वेल्डिंगने बुजवणारे महाभाग मी पाहिलेत.

राहता राहिले आपले बुलेटवाले. टिप बदलणं आणि पुंगळी काढणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पुंगळी हाच सायलेन्सरचा आवाज खाणारा भाग. ती काढली की प्रत्येक स्फोट थेट रस्त्यावर येतो आणि रात्री दोन वाजता सी ब्लॉकपासून रेक्टरच्या क्वार्टरपर्यंत सगळ्यांना कळतं की कोण परत आलंय. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) मध्ये, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, आवाजाच्या पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत, शिवाय लायसन्स तीन महिने बाद. कॅम्पस इंटरव्ह्यूच्या सीझनमध्ये हे कोणाला परवडणार?

एवढं वाचूनही ज्यांना घरच्या गाडीला टिप लावायचीच आहे त्यांनी दुकानात जाण्याआधी आपल्या पाइपाचा बाहेरचा व्यास मोजावा. टिपेचा आतला व्यास त्याहून एक-दोन मिलिमीटरच जास्त हवा. जास्त ढिली टिप क्लॅम्प कितीही आवळला तरी तिरकी बसते आणि एखाद्या स्पीड ब्रेकरवर घरंगळते. मेट्रॉलॉजी लॅबचा व्हर्नियर बाहेर न्यायला कोणी देणार नाही, तेव्हा पाइप गार झाल्यावर त्याभोवती सुतळीचा एक वेढा द्यायचा, तिची लांबी पट्टीवर मोजायची आणि ३.१४ ने भागायचं.