नवे लायनर आधी बसू द्या

डेअरीला दूध घालायला, मुलांना शाळेत सोडायला, बँकेत गटाचा हप्ता भरायला आपल्यातल्या कितीतरी जणी आता स्कूटीवर जातात. म्हणून आज ब्रेकविषयी बोलू. आम्हाला सांगायचं आहे ते एवढंच: नवे लायनर टाकले की त्याच दिवशी ब्रेक पुरता लागत नाही.

असं का होतं? लायनर चाकातल्या ड्रमला घासतो, तेव्हा गाडी थांबते. जुन्या लायनरने ड्रम झिजलेला असतो. नवा लायनर त्याला सगळीकडून टेकत नाही, उंचवट्यावरच घासतो. नव्याने टाकी लावलेलं जातं पहिल्या दळणाला नीट पीठ देतं का? तसंच हे. डिस्क ब्रेकच्या पॅडचंही तेच.

मग ते बसवायचे कसे? मोकळ्या, सपाट रस्त्यावर ताशी 30 ते 40 किलोमीटर वेग घ्या. दोन्ही ब्रेक हळूहळू दाबत वेग 10 पर्यंत आणा. चाक घसरेल इतके दाबू नका. मग थोडं अंतर ब्रेक न लावता चालवा, म्हणजे लायनर थंड होतील. असं आठ-दहा वेळा करा. पहिले काही दिवस दुधाचे कॅन लादून किंवा मागे कुणाला बसवून उतारावर जाऊ नका, पुढच्या गाडीपासून जास्त अंतर ठेवा. सुरुवातीलाच करकचून ब्रेक मारले तर लायनर तापून गुळगुळीत होतात, मग पकड राहत नाही.

घेताना आपल्याच मॉडेलचे, कंपनीचे घ्या आणि पावती मागा. कुणी शर्यतीच्या गाडीचे पॅड दाखवले तर भुलू नका. शर्यतीत पॅड सतत तापलेले असतात. ते पॅड तापल्यावरच नीट पकडतात. सकाळच्या गार गाडीला ते कामाचे नाहीत.

बदलायची वेळ कशी ओळखायची? बऱ्याच स्कूटींना ड्रमजवळ एक बाण असतो. ब्रेक दाबल्यावर तो खुणेपाशी पोचला, की लायनर संपले. डिस्कच्या पॅडवरची खाच दिसेनाशी झाली, की पॅड संपले. लायनरला तेल-ग्रीसचा हात लागू देऊ नका. आतली भुकटी फुंकू नका, ती छातीत जाते. ओल्या फडक्याने पुसायला सांगा.

येत्या बैठकीला गाड्या घेऊनच या. एकीने ब्रेक दाबायचा, दुसरीने बाण बघायचा. पाच मिनिटांचं काम आहे.