दुकान पेठेंत कीं उपनगरांत?

अनेक शाखांचें मोठें दुकान भर पेठेंत चांगलें चालतें कीं उपनगरांत? याचा निकाल गिऱ्हाईक कोणत्या वाहनानें येतें, यावर पुष्कळसा अवलंबून असतो. अमेरिकेंतील डेट्रॉइट शहरांत हडसन्स या पेढीचें अवाढव्य दुकान भर पेठेंत होतें. लोक ट्रामनें व बसनें येत, तोंवर त्याची भरभराट झाली. पुढें घरोघर मोटारी आल्या व वस्ती शहराबाहेर पसरली. तेव्हां १९५४ सालीं हडसन्सनेंच साउथफील्ड उपनगरांत नॉर्थलँड हा बाजार उभारला आणि सभोंवार हजारों मोटारी उभ्या करण्याची सोय केली. गिऱ्हाईक तिकडे वळलें. १९८३ सालीं पेठेंतील दुकान मिटलें. मोटार नसलेल्या नागरिकाचें मात्र हाताशीं असलेलें दुकान गेलें. कालांतरानें वस्ती आणखी दूर सरकली, आणि २०१५ सालीं नॉर्थलँडलाही टाळें लागलें.