सायकलचा क्रँक व पायडल यांची निगा

साध्या दणकट सायकलीत क्रँक हा आसावर कॉटर नावाच्या पाचरीसारख्या खिळीने बसविलेला असतो. पायडल मारताना प्रत्येक फेरीला ‘कट्’ असा आवाज येऊ लागल्यास बहुधा कॉटर सैल झाला आहे असे समजावे. तशीच सायकल चालविल्यास आस व क्रँक झिजतात, आणि चढावर जोर देताच पाय निसटून अपघाताचा संभव असतो. अल्प किमतीच्या कॉटरपायी मोठा खर्च ओढवतो.

कॉटर काढताना नट सैल करावा, परंतु पूर्ण काढू नये. त्यामुळे आटे सुरक्षित राहतात. क्रँकखाली लाकडी ठोकळ्याचा भक्कम आधार द्यावा, अन्यथा हातोडीचा घाव आतील छर्ऱ्यांना बसतो. नवा कॉटर जुन्याच्याच बाजूने ठोकून बसवावा व मगच नट आवळावा. एक-दोन दिवसांच्या वापरानंतर तो पुन्हा आवळणे आवश्यक असते.

डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. ते काढताना पाना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवावा. पावसाळा संपताच पायडलचे व आसाचे छर्रे रॉकेलने किंवा डिझेलने धुऊन, कोरडे करून, नवे ग्रीस भरावे.